बसलेली गर्दी

आमच्या वृत्तवाहिनीचा निम्मा इतिहास माफीनाम्यांचा आहे. हे मी कुचेष्टेनं म्हणत नाही, खरोखर कौतुकानं म्हणते. एका बुजुर्ग गायकांना आम्ही ते जिवंत असतानाच श्रद्धांजली वाहिली. दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत आमच्या दारात आले आणि श्रद्धांजलीत आपलं सगळ्यात चांगलं गाणं का घेतलं नाही म्हणून भांडले. एका निवडणुकीत आम्ही पडलेल्या उमेदवाराला निवडून आणलं आणि त्याचं आभाराचं भाषणही दाखवून मोकळे झालो. एका मंत्र्यांनी मुलाखत संपल्यावर कॉलरचा माईक न काढताच बायकोला फोन लावला, आणि घरातल्या पडद्यांच्या रंगावरून झालेलं त्यांचं कडाक्याचं भांडण सगळ्या देशानं ऐकलं. खटले झाले, बंदी आली, दर्शनी काचा फुटल्या. त्यातलाच एक दगड थोरल्या मालकांनी, म्हणजे कंपनी काढणाऱ्या गृहस्थांनी, उचलून वर नेला आणि मरेपर्यंत कागदांवर वजन म्हणून वापरला. आता तो त्यांच्या मुलीच्या टेबलावर असतो.

एवढं सगळं होऊनही संध्याकाळच्या बातम्यांची धून वाजली की आमच्या घरी बाबा हातातला घास हातातच धरून थांबायचे. तीच धून शेजारून यायची, तीच वरच्या मजल्यावरून, तीच समोरच्या दुकानातून. मला तेव्हा वाटायचं की जगात एखादी गोष्ट घडते ती या लोकांनी सांगितल्यावरच घडते. आज मी त्याच कंपनीत व्हिडिओ एडिटर आहे. खिडकी नसलेल्या खोलीत बसून दिवसभर दृश्यं कापते आणि जोडते, मोठमोठी माणसं एकच खोटं तीन वेगवेगळ्या कोनांतून बोलताना बघते. तरी ती धून कानावर आली की अंगावर काटा येतो. हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण आमच्या धंद्यात भारावून जाणाऱ्या माणसाला नवखं समजतात.

यंदा कंपनीच्या वर्धापनदिनाला तासाभराचा इतिहासपट दाखवायचा ठरला आणि तो करायचं काम माझ्याकडे आलं. थोरल्या मालकांच्या मुलीनं, जिला सगळे मागे धाकट्या बाई आणि तोंडावर मॅडम म्हणतात, मला बोलावून घेतलं. बाई हुशार आहेत. त्या म्हणाल्या की वाद झाकायचे नाहीत, लोकांना वाद आवडतात, आपण आपल्यावर हसू शकतो हे दिसू दे. गायक घे, मंत्र्यांचे पडदे घे, दगडही घे. मी खूश होऊन उठले, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "धरणाचं मात्र आपण नेहमी सांगतो तसंच ठेव."

आपण नेहमी सांगतो ते असं. कंपनीच्या सुरुवातीच्या काळात एका सकाळी एका निवेदिकेनं घाईगडबडीत भलताच कागद वाचला आणि धरण फुटल्याची बातमी दिली. धरणाखालचं अख्खं गाव घाबरून चढाच्या रस्त्याला लागलं. थोरल्या मालकांनी प्रसंगावधान राखून तात्काळ प्रक्षेपण थांबवलं, पोलिसांनी गर्दी आवरली, आणि त्या निवेदिकेला कामावरून काढण्यात आलं. कंपनीत नवीन आलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट चहाबरोबर सांगतात आणि शेवटी सगळे हसतात. मलाही सांगितली होती. मीही चहा प्यायले होते, हसले मात्र नव्हते, कारण ती निवेदिका माझी आत्या.

आडनाव एक असूनही कंपनीत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या काळी निवेदिकांची आडनावं सांगायची पद्धत नव्हती, आणि मी आपणहून सांगायला गेले नाही. आत्या त्यानंतर आपल्या गावी जाऊन राहिली, पण तेही तिनं सोडलं, कारण पाण्याच्या रांगेत उभी राहिली की कुणीतरी हटकून विचारायचं, "काय धरणबाई, आज पाणी येणार का?" ती आमच्या शहरात आली, चष्म्याच्या दुकानात लागली, निवृत्त झाली, आणि आता आमच्याच घरात मागच्या खोलीत राहते. तिचं बोलणं ऐकायचं तर शेजारी जाऊन बसावं लागतं. ज्या बाईच्या आवाजावर एके काळी अर्धा देश घड्याळं लावायचा, ती फोनवर "हं" आणि "बरं" याच्या पलीकडे जात नाही. बाबा म्हणायचे, हिनं आपला आवाज तिथेच ठेवून दार ओढून घेतलं.

इतिहासपटाचं तिला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. बराच वेळ निवडत राहिली. मग म्हणाली, "घ्यायचं असेल तर खरं घे, नाहीतर मला वगळ. ते खोटं इतकी वर्षं इतरांनी सांगितलं, मी काही बोलले नाही. तुझ्या हातून नको गं."

मी तिला विचारलं की खरं काय ते तरी सांग. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं आणि तिनं कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तिनं सांगितलं, अगदी हळू आवाजात, भाजीकडे बघत.

थोरल्या मालकांचे दोन नियम होते. पहिला असा की मोठं संकट आलं तर आपल्या माणसाची जीभ अडखळता कामा नये, म्हणून दर आठवड्याला एकदा सकाळच्या बातम्यांआधी तालीम करायची. आग, भूकंप, धरण, असं आळीपाळीनं. तालीम म्हणजे अगदी खरी: दिवे लावून, कॅमेरे फिरवून, निवेदिकेनं पूर्ण जोर लावून वाचायचं. फक्त ते बाहेर जायचं नाही. बाहेर त्या वेळी वाद्यसंगीताची टेप चालू असायची. आणि कॅमेऱ्यावरचा लाल दिवा, जो आपण आता लोकांना दिसतोय हे निवेदिकेला सांगतो, तो तालमीत उगाच गोंधळ नको म्हणून चक्क काढून ठेवायचे. दुसरा नियम असा की पडदा काळा होता कामा नये. काहीही होवो, टेप तुटो, यंत्र बिघडो, जे चित्र हाताशी असेल ते ताबडतोब द्यायचं. काळा पडदा दिसला की लोकांना वाटतं हे लोक मेले, असं ते म्हणायचे.

दोन्ही नियम चांगले होते. फक्त ते एकमेकांना कधी भेटले नव्हते. त्या सकाळी धरणाची पाळी होती. आत्या वाचायला बसली, आणि तिचं वाचून व्हायच्या आधी संगीताची टेप तुटली. प्रक्षेपणाच्या खोलीतल्या माणसानं नियमाप्रमाणे हाताशी असेल ते चित्र दिलं. हाताशी आत्या होती.

"मला काही कळलंच नाही," आत्या म्हणाली. "दिवा नव्हता ना. मी आपली तालीम म्हणून वाचतेय. आणि चांगलं वाचलं मी. फार चांगलं वाचलं, तेच तर झालं."

मग काचेपलीकडच्या नियंत्रण कक्षात माणसं सैरावैरा धावताना तिला दिसली. फोन वाजत होते. कानातल्या यंत्रातून निर्मात्याचा आवाज आला की आपण बाहेर गेलोय. मागोमाग थोरले मालक धावत आले आणि त्यांनी निर्मात्याला तिच्या कानात सांगायला लावलं की, बातमी धरणाच्या कार्यालयाकडून आली आहे, शहानिशा चालू आहे, असं म्हण. म्हणजे खापर दुसऱ्यावर. आत्यानं ते म्हटलं नाही. तिनं कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं की धरण फुटलेलं नाही, आम्ही तालीम करत होतो, चूक आमची आहे. त्यावर कानात निर्माता ओरडला की तुला बंद केलंय, आता तुझं काही बाहेर जात नाही, ऊठ तिथून.

मी विचारलं, मग तू उठलीस?

"नाही उठले. म्हटलं, मघाशी दिवा नव्हता तरी मी बाहेर जात होते. आता हे म्हणतात जात नाही. यांचं काय खरं धरायचं? जात असलं तर? म्हणून बोलत राहिले. पुष्कळ बोलले. घसा बसेपर्यंत." तिनं निवडलेली भाजी पुन्हा एकदा निवडली. "पण त्यांनी बंदच केलं होतं म्हणे. पुढे सगळीकडे तसंच छापून आलं. म्हणजे माझ्या तोंडून लोकांनी ऐकलं ते पळा एवढंच. चढाआधीच्या पुलावरच्या रेटारेटीत काही माणसं पडली, हाडं मोडली. ती माझ्या आवाजानं पडली. पुढचं मी भिंतीशी बोलले."

खरं घे म्हणाली होती, पण खरं दाखवायचं कशावरून? स्टुडिओतली त्या दिवसाची टेप शिल्लक नाही. त्या काळी टेपा पुरायच्या नाहीत, म्हणून जुन्यावरच नवं भरायचे. त्या सकाळवर बहुधा कुठलीतरी फुटबॉलची मॅच बसली असेल. मनात आलं, हा भागच गाळावा. तिनं दिलेली ती दुसरी वाट होतीच. पण चित्रं नाहीत म्हणून धरणाचा भाग होणार नाही असं सांगितलं असतं, तर धाकट्या बाईंनी ते ऐकलं नसतं. आमच्याकडे धरणाचं एकच चित्र आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे.

आता त्या चित्राबद्दल सांगायला हवं. आमच्या संग्रहात त्याचं नाव आहे, 'गर्दी, बसलेली'. चढाचा अरुंद रस्ता, एका बाजूला डोंगराची भिंत, दुसऱ्या बाजूला उतार, आणि दिसेल तिथपर्यंत रस्त्यावर बसलेली माणसं. कुठे बसलीत, का बसलीत, काही कळत नाही, आणि म्हणूनच ते चित्र कशालाही चालतं. लोकसंख्येची बातमी असो, उन्हाळ्याची असो, बेकारीची असो, संपाची असो, एडिटरला काही सुचलं नाही की तो बसलेली गर्दी लावतो. एकदा तर आमच्यातल्या एका महाभागानं ती एका नटाच्या अंत्ययात्रेत लावली होती. मी स्वतः ती इतक्यांदा वापरली आहे की त्यातली माणसं मला नातेवाइकांसारखी झाली आहेत. बगलेत भिंतीवरचं घड्याळ घेतलेला घड्याळवाला. घरातल्या खुर्चीसकट उचलून आणलेल्या खुर्चीवाल्या आजी. एकाच पायात चप्पल असलेली मुलगी. ते धरणाच्या दिवसाचं आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण तसं ते मूळचं कशाचं आहे याच्याशी कुणाला काय करायचंय? आम्ही संग्रहातली चित्रं नेहमी बिनआवाजी घेतो. मूळचा आवाज काढायचा, वर आपलं निवेदन टाकायचं, ही इथली रीतच आहे. संगणकावर त्याची प्रत चढवली तीसुद्धा आवाज काढूनच चढवली होती.

इतिहासपट मोठ्या पडद्यावर दाखवायचा होता आणि ती प्रत वापरून वापरून धुरकट झाली होती. म्हणून मी तळघरातून मूळ टेप मागवली. तसल्या टेपा चालवणारं एकच जुनं यंत्र आमच्याकडे उरलंय. त्याचा आवाजाचा खटका कुणीतरी वर ठेवून दिला होता.

टेप सुरू झाली. पण तिच्यात माणसं बसलेली नव्हती. ती उभी होती. आम्ही वापरतो तो तुकडा पुढचा. त्याच्या आधीचं मी कधी पाहिलंच नव्हतं. रस्त्यात माणसं इतकी दाटली होती की मधे सुई शिरली नसती. मागून लोंढा येतच होता आणि पुढच्यांना सरकायला जागा नव्हती. उताराच्या बाजूचे लोक कडेला रेटले जात होते. एका बाईनं मूल डोक्याच्या वर धरलं होतं. घड्याळवाला तोंड उघडून काहीतरी ओरडत होता, आणि सगळ्यांच्या ओरडण्याचा मिळून एकच घोष येत होता. आता काय होणार ते कुणालाही कळलं असतं.

आणि त्या घोषाच्या खालून एक आवाज आला. जवळच कुठेतरी रेडिओ चालू होता. तेव्हा आमच्या वाहिनीचा आवाज रेडिओवरूनही जायचा. बाईचा आवाज होता, स्वच्छ, न घाबरलेला, एकेक शब्द सुटा.

"मी अजून बोलते आहे. धरण शाबूत आहे. पाणी येत नाहीये. चूक आमची आहे, तुमची नाही. आता कुणी धावू नका. मागच्याला पुढचं दिसत नाही आणि पुढच्याला मागचं, म्हणून सगळ्यांनी एकच करा. जिथे आहात तिथे खाली बसा. रस्त्यातच बसा. शेजारच्याचा हात धरून त्याला बसवा. मी इथे बसलेलीच आहे. तुम्ही सगळे बसेपर्यंत मी बोलत राहीन."

तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता आणि तरी पहिल्या शब्दाला ओळखला. मागच्या खोलीतल्या माझ्या आत्याचा आवाज, एवढा मोठा.

मग मी जे पाहिलं ते मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. आधी रेडिओजवळचे दोघेतिघे बसले. त्यांनी बाजूच्यांना ओढून बसवलं. बसलेल्यांना बघून पलीकडचे बसले, आणि ज्यांच्यापर्यंत रेडिओ पोचतच नव्हता तेही बसलेल्यांना बघून बसू लागले. उतू जाणारं दूध गॅस बंद केल्यावर जसं भांड्यात खाली बसतं, तसा तो अख्खा चढ खाली बसला. खुर्चीवाल्या आजींची खुर्ची खाली टेकली. बाईनं मूल मांडीत घेतलं. एक पोलीस होता, एकच, शिट्टी फुंकून फुंकून लाल झालेला. थोड्या वेळानं तोही टोपी मांडीवर ठेवून बसला. गर्दी पोलिसांनी आवरली ती अशी. घोष विरत विरत थांबला आणि मग त्या सगळ्या डोंगरावर फक्त माझ्या आत्याचा आवाज होता. ती लोकांना सांगत होती, आता उठायची घाई करू नका, आधी मागचे उठतील, मग पुढचे, पडलेल्यांना आधी हात द्या, घरी गेल्यावर पाणी प्या.

मी रडले. एडिटरच्या खोलीत लोक चिडतात, जांभया देतात, बिस्किटं खातात. रडत नाही कुणी. मी टेप मागे घेऊन पुन्हा पाहिली आणि पुन्हा रडले. हे सगळं रोज आमच्या हाताशी होतं. देशातल्या प्रत्येक माणसानं ती गर्दी पाहिली होती, आणि ती कुणाचं ऐकून बसली हे एकालाही ऐकू गेलं नव्हतं.

टेपवर ज्या कॅमेरामनचं नाव होतं त्यांना कंपनीत सगळे खांदेकाका म्हणायचे, कारण कॅमेरा वाहून त्यांचा एक खांदा कायमचा खाली आला होता. त्यांना फोन लावला. ते त्या सकाळी रस्त्यावरच्या खड्ड्यांची चित्रं घ्यायला गेले होते आणि लोंढ्यात अडकले, तेव्हा एका बसच्या टपावर चढले. रेडिओ बसच्या ड्रायव्हरचा. मी विचारलं की तुम्ही हे तेव्हा कुणाला सांगितलं का नाही? ते म्हणाले की ऑफिसात टेप दिली तेव्हा तिथल्यांनी गर्दी मिळाली का एवढंच विचारलं, मी मिळाली म्हटलं. आणि प्रक्षेपण बंद केल्याचं जे सांगतात? खांदेकाका हसले. बंद करायचं तर पडदा काळा झाला असता, म्हणाले. थोरल्यांच्या नियमाला हात लावायची कुणाची छाती होती? फक्त तिनं गप्प बसावं म्हणून तिला तसं सांगितलं. ज्यांनी तिचं ऐकलं त्यांना कुणी विचारलं नाही, आणि पुढे छापून आलं तेच सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी धाकट्या बाईंना टेप दाखवली. त्यांच्या खोलीत ते जुनं यंत्र नेता येत नाही म्हणून संगणकावर उतरवून नेली. त्यांनी ती उभ्या उभ्या, फोनवर कुणाला तरी थांबवून ठेवत पाहिली. नंतर टेबलावरचा तो दगड उगाच इकडचा तिकडे केला. वडिलांनी आपल्याला लहानपणापासून सांगितलंय की प्रक्षेपण त्यांनी थांबवलं, असं त्या म्हणाल्या, मला सांगत होत्या की स्वतःला ते कळलं नाही. मग त्या पुन्हा मॅडम झाल्या.

"चित्र अप्रतिम आहे. चित्र ठेव. आवाज काढ आणि वर संगीत दे."

तेव्हा मी सांगितलं की ती माझी आत्या आहे. बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं त्यात राग होता आणि राग येण्याजोगं मी काही केलंही होतं, इतकी वर्षं लपवलं होतं. घरचा माणूस असताना हा भाग तू करूच नये, मी तो दुसऱ्या कुणाकडे देते, असं त्या म्हणाल्या. म्हणजे आवाज जाणार, संगीत येणार, आणि निवेदिकेनं भलताच कागद वाचला हे वाक्य पुन्हा एकदा, या वेळी मोठ्या पडद्यावर, सगळ्या देशाला ऐकू जाणार. मी वाद घातला नाही. मला वाद घालता येत नाही, मी कापते आणि जोडते. मी एवढंच म्हटलं की मूळ टेप दुसऱ्याकडे जाण्याआधी आत्याला एकदा ऐकू दे. तिला आजतागायत माहीत नाही की तिचं बोलणं बाहेर जात होतं. बाईंनी खिडकीकडे बघत विचार केला आणि म्हणाल्या की उद्या दुपारी आण, मीही येईन, टेप मग मीच घेऊन जाईन.

आत्याला मी काय दाखवणार ते सांगितलं नाही, नाहीतर ती आलीच नसती. इस्त्रीचे कपडे घालून, पर्स छातीशी धरून ती माझ्याबरोबर आमच्या इमारतीत शिरली. जिन्यात थोरल्या मालकांचा फोटो आहे, तिथे क्षणभर थांबली. मला वाटलं काहीतरी बोलेल. "वजन वाढलं होतं नंतर," एवढंच म्हणाली आणि पुढे चालू लागली. स्टुडिओच्या दारावरून जाताना मात्र तिनं माझा हात धरला, आणि माझ्या खोलीत येईपर्यंत सोडला नाही.

धाकट्या बाई आधीच येऊन थांबल्या होत्या. मी खुर्ची दिली तर म्हणाल्या की वेळ नाही, उभ्यानंच बघते, आणि हाताची घडी घालून दाराशी उभ्या राहिल्या. शेजारी टेपांची लाकडी पेटी होती. दोघींनी एकमेकींना नमस्कार केला. थोरल्या मालकांचा नाकाचा शेंडा मुलीला जसाच्या तसा आलाय, आणि आत्या तो बघत होती.

आधी मी आम्ही नेहमी वापरतो तो बिनआवाजी तुकडा लावला. आत्या पुढे झुकली. "ही माणसं मी पाहिलीत की. दवाखान्यात टीव्ही लावलेला असतो, तिथे. उन्हाच्या बातमीत होती." मग चष्मा सारखा करून म्हणाली, "कशाला बसलीत गं बिचारी?"

मी मूळ टेप लावली आणि खटका वर केला.

उभी गर्दी दिसताच तिनं रस्ता ओळखला. तिच्या हातातली पर्स मांडीवर पडली. इतकी वर्षं तिनं कल्पनेत हेच पाहिलं असणार, मूल वर धरलेली बाई, कडेला रेटलेली माणसं. ती तोंड फिरवणार तोच रेडिओतला आवाज सुरू झाला. आत्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे, मग पडद्याकडे. तिचे ओठ हलू लागले. ती आवाजाबरोबर बोलत होती, एक शब्द न चुकता, बिनआवाजी. इतक्या वर्षांनी तिला ते सगळं पाठ होतं.

"जिथे आहात तिथे खाली बसा," तिचा तरुण आवाज म्हणाला. "रस्त्यातच बसा."

माणसं बसू लागली. आणि माझ्या मागे पेटी करकरली.

मी वळून पाहिलं. धाकट्या बाई बसल्या होत्या. टेपांच्या पेटीवर, हाताची घडी तशीच, नजर पडद्यावर. आपण बसलो हे त्यांना कळलेलं नव्हतं. आत्यानंही मागे वळून पाहिलं. कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या माणसाला समोर फक्त काच दिसते. आपल्या बोलण्यानं पलीकडे कोण काय करतं ते त्याला कधीच दिसत नाही. माझ्या आत्याला ते त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं. ती पडद्यावरच्या चढाकडे बघे आणि पुन्हा पेटीवरच्या बाईंकडे बघे.

बाईंच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा लाल झाला, पण त्या उठल्या नाहीत. सगळा चढ बसून होईपर्यंत, पोलिसानं टोपी मांडीवर ठेवेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. मग माझ्याकडे न बघता, घसा साफ करून म्हणाल्या, "टेप तुझ्याकडेच राहू दे. संगीत नको. भलत्या कागदाचं ते वाक्यही काढून टाक. आवाज ठेव."

मी मान हलवली.

आत्या पडद्याकडे वळून बसली होती. घड्याळवाल्यानं घड्याळ रस्त्यावर ठेवलं होतं आणि रेडिओवरची तरुण बाई त्याला सावकाश घरी जायला सांगत होती. आत्यानं पर्स उचलून बाजूला ठेवली, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि मला म्हणाली, "जरा मोठा कर गं."